अर्ध्यावर थांबलेली पाटी : सुखकाळातल्या शुक्राविषयी

अरबी-फारसीच्या वाटेने आलेले शेकडो शब्द मराठीने आपलेसे केले. त्यांत ‘सब्र’ या शब्दाचे भाग्य काही वेगळेच. ‘सबूर!’ म्हणून आपण समोरच्याला थांबवतो, ‘जरा सबुरीने घे’ म्हणून वडीलधारे समजावतात, आणि शिर्डीच्या साईबाबांमुळे श्रद्धेच्या शेजारी बसलेली ‘सबुरी’ तर घरोघरी पोचली आहे. इस्लामी धर्मविचारात या सब्राला एक जोडीदार आहे. त्याचे नाव ‘शुक्र’. दुःखात सब्र आणि सुखात शुक्र, अशी ही जोडी. तिच्यातला एकच जण मराठीत मुक्कामाला आला. दुसरा ‘शुक्रिया’ या उर्दू-हिंदी शब्दात आभारप्रदर्शनापुरता कानांवर पडतो, आणि त्याचा मूळ अर्थ मागेच राहतो.

संकटात देव आठवतो हे सांगायला धर्मग्रंथ लागत नाही. पण दुखणे नाही, देणे नाही, मुले मार्गी लागली आहेत, दाराशी गाडी आहे, अशा वेळी ईश्वराशी नाते कशाच्या आधारावर टिकवायचे? इस्लामी परंपरेने हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला आहे. सुख हे बक्षीस नसून परीक्षा आहे, आणि ती दुःखाच्या परीक्षेपेक्षा अवघड असू शकते, असे या परंपरेतल्या अनेकांनी म्हटले. अनेक वर्षे या परंपरेतले नीतिग्रंथ वाचत असताना मला सर्वांत मोलाची वाटलेली ही चर्चा मराठी वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुलैमान आणि कारून

रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतून फिरताना आखाती देशांतल्या कमाईवर उभी राहिलेली दुमजली, तिमजली घरे दिसतात. अशा बऱ्याच घरांच्या दर्शनी भिंतीवर अरबी अक्षरांची एक छोटी पाटी असते. मुंबईत, हैदराबादेत, किंबहुना भारतभर मुस्लिम वस्त्यांमध्ये ही पाटी आढळते. हे सारे माझ्या पालनकर्त्याच्या कृपेने आहे, असा तिचा आशय. हे शब्द कुरआनच्या २७व्या सूरेतल्या ४०व्या आयतीतले आहेत. सबाच्या राणीचे सिंहासन डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आपल्यासमोर आलेले पाहून हजरत सुलैमान ते उच्चारतात.

मात्र मूळ आयत तिथे संपत नाही. ही कृपा कशासाठी, तेही सुलैमान लगेच सांगतात. मी कृतज्ञ राहतो की कृतघ्न होतो, हे पाहण्यासाठी माझी परीक्षा घेतली जात आहे, असा पुढचा भाग आहे. पाटीवर पहिला भाग येतो, दुसरा सहसा येत नाही. यात घरमालकाला दोष देण्यासारखे काही नाही. आपले घर केवळ आपल्या कर्तबगारीने उभे राहिले नाही, अशी कबुली जाहीरपणे भिंतीवर लावणे ही लहान गोष्ट नव्हे. पण पहिल्या भागात कबुली आहे, तर दुसऱ्या भागात मालकाला विचारलेला प्रश्न आहे. शुक्राचा सगळा विचार या दुसऱ्या भागात सामावलेला आहे.

कुरआनने सुलैमानांच्या उलट टोकाला एक धनिक उभा केला आहे, तो म्हणजे २८व्या सूरेतला कारून. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलताना धट्टीकट्टी माणसेही वाकत. लोकांनी त्याला सांगितले, इतका फुशारू नकोस. अल्लाहने जसे तुझे भले केले तसे तू इतरांचे कर. त्यावर त्याचे उत्तर होते की हे सारे मला माझ्या ज्ञानाच्या बळावर मिळाले आहे. पुढे तो आपल्या वाड्यासकट जमिनीत गडप झाला. सुलैमान आणि कारून दोघेही अमाप श्रीमंत. कुरआनचा आक्षेप संपत्तीला असता तर दोघेही दोषी ठरले असते. फरक पडला तो ‘हे कुठून आले?’ या प्रश्नाच्या उत्तरात. आणि कारूनचे उत्तर आपल्याला अनोळखी नाही. मेहनत माझी, डोके माझे, जोखीम मी घेतली. यशस्वी माणसाच्या मुलाखतीत आपण हेच तर ऐकतो.

झाकणे आणि उघडे करणे

शुक्र म्हणजे काय हे समजायला त्याचा विरुद्धार्थी शब्द पाहावा. कुरआनच्या भाषेत तो आहे ‘कुफ्र’. आपण ‘काफर’ शब्दाने फक्त ‘धर्म न मानणारा’ एवढेच समजतो. पण कुफ्रच्या मुळाशी ‘झाकणे’ हा अर्थ आहे. बी मातीने झाकणाऱ्या शेतकऱ्यांसाठीही ५७व्या सूरेत याच धातूपासून झालेला शब्द आला आहे. मिळालेला उपकार झाकून टाकणे, तो झालाच नाही असे वागणे, म्हणजे कुफ्र. तोशिहिको इझुत्सु या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकात कुरआनमधल्या नैतिक संज्ञांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शुक्र आणि कुफ्र ही जोडी कळीची ठरवली आहे. श्रद्धा-अश्रद्धेच्या चर्चेखाली कृतज्ञता आणि कृतघ्नतेची चर्चा चाललेली असते, हे त्यांचे निरीक्षण मला पटते.

अरबी कोशकारांनी शुक्राचा अर्थ उलगडताना एक शेतकरी-पशुपालकांना सहज कळेल असा दाखला दिला आहे. थोड्या चाऱ्यावरही जे जनावर अंग धरते, त्याला अरबीत ‘शकूर’ म्हणतात. घातलेला चारा त्याच्या अंगावर दिसतो. याचा अर्थ, शुक्र करणाऱ्याकडे आलेली कृपा त्याच्या वागण्यात दिसली पाहिजे.

मग सुखात माणूस कृपा झाकतो का? कुरआनची नजर इथे मोठी मार्मिक आहे. ९६व्या सूरेत म्हटले आहे की माणूस मर्यादा सोडतो, कारण तो स्वतःला ‘गरजमुक्त’ समजू लागतो. आता आपल्याला कोणाची गरज उरली नाही ही भावना म्हणजे ‘इस्तिग्ना’. हा शब्द ‘गनी’ याच धातूचा. इस्लाममध्ये ‘गनी’ हे ईश्वराचे नाव आहे, कारण खऱ्या अर्थाने गरजमुक्त तोच. त्यामुळे सुखवस्तू माणसाला होणारा भास हा एका अर्थी स्वतःला देव समजण्याचाच प्रकार ठरतो. तो शांतपणे, कोणताही गाजावाजा न करता होतो, एवढेच. दहाव्या सूरेत जहाजाचे चित्र आहे. वारा अनुकूल असतो तोवर प्रवासी खुशीत असतात. वादळ येते, चहूबाजूंनी लाटा चढतात, तेव्हा ते एकनिष्ठ होऊन अल्लाहला हाक मारतात. आणि जमिनीला पाय लागताच पहिल्यासारखे वागू लागतात. समुद्रावर पोट असणाऱ्या कोकणच्या माणसाला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

अब्दुर्रहमान इब्न औफ यांचे ताट

पैगंबर मुहंमद यांच्या हयातीतला एक प्रसंग ‘बुखारी’ या हदीससंग्रहात आहे. बहरीनकडून कराची रक्कम घेऊन अबू उबैदा मदीनेत आले. बातमी पसरली आणि सकाळच्या नमाजानंतर लोक आशेने पैगंबरांपुढे जमले. पैगंबर हसले, त्यांना शुभवार्ता दिली आणि मग म्हणाले की मला तुमच्यासाठी गरिबीचे भय वाटत नाही. पूर्वीच्यांना जसे जग सढळ हाताने मिळाले तसे ते तुम्हाला मिळेल, त्यांच्यासारखीच तुमच्यात चढाओढ लागेल आणि त्यात तुमचा नाश होईल, याचे भय वाटते. ज्यांच्या घरी अजून पुरेशी भाकरी नव्हती, त्यांना दिलेला हा इशारा आहे.

तो किती खरा होता हे अब्दुर्रहमान इब्न औफ यांच्या आयुष्यात दिसते. मक्केहून मदीनेला ते रिकाम्या हाताने आले. साद इब्न रबी या मदीनावासी बांधवाने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमाननी त्यांना दुवा दिली आणि एवढेच विचारले की बाजार कुठे आहे. सुकवलेले दही आणि तूप यांच्या छोट्या उलाढालीने त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ते मदीनेतल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाले.

अशा संपन्नतेच्या काळात एकदा ते रोजात असताना त्यांच्यापुढे जेवण आणले गेले. ताट पाहताच त्यांना मुसअब इब्न उमैर आठवले. मुसअब मक्केतले लाडाकोडात वाढलेले तरुण. सगळे ऐश्वर्य सोडून ते मुसलमान झाले आणि इ.स. ६२५मध्ये उहुदच्या लढाईत मारले गेले. त्यांच्या कफनाला एकच आखूड चादर होती. डोके झाकावे तर पाय उघडे पडत आणि पाय झाकावे तर डोके. ते माझ्याहून चांगले होते, असे अब्दुर्रहमान म्हणाले. आमच्या सत्कर्मांचे फळ आम्हाला इथेच, आधीच देऊन टाकले की काय, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली आणि रडू लागले. ताट तसेच राहिले. त्यांचेच आणखी एक मनोगत तिर्मिजीच्या संग्रहात नोंदले आहे. त्याचा आशय असा की पैगंबरांबरोबर आमची परीक्षा हालअपेष्टांनी झाली तेव्हा आम्ही टिकलो, नंतर ती सुखाने झाली तेव्हा टिकणे जमले नाही.

हे बोलणारा माणूस कोणी ऐषारामी नव्हता. तो अमाप दानासाठी प्रसिद्ध होता. म्हणूनच त्याच्या या कबुलीला वजन आहे. दुःखात शत्रू समोर दिसतो. सुखात परीक्षा चालू आहे हेच कळत नाही, आणि सगळी अडचण तिथे आहे.

मग सुख टाकायचे का?

भागवतात कुंती कृष्णाकडे विपत्ती मागते, कारण विपत्तीत त्याचे दर्शन होते. भारतीय मनाला ओळखीची असलेली ही वाट इस्लामच्या मुख्य प्रवाहाने स्वीकारलेली नाही. परलोकातली शिक्षा मला इथेच दे, अशी प्रार्थना करून आजारात पार खंगलेल्या एका माणसाला पैगंबरांनी थांबवले आणि दोन्ही लोकांतले भले मागायला सांगितले, अशी हदीस आहे. ‘आफियत’, म्हणजे सुखरूपपणा, ही आवर्जून मागण्याची गोष्ट मानली गेली. हिजरी पहिल्या शतकातले बसऱ्याचे साधक मुतर्रिफ यांचे म्हणणे होते की संकट येऊन सब्र करण्यापेक्षा सुखरूप राहून शुक्र करणे मला जास्त आवडेल.

तरीही वाद राहिलाच. कृतज्ञ श्रीमंत श्रेष्ठ की धीराचा गरीब? बगदादचे सूफी जुनैद यांचा कल गरिबाकडे होता, त्यांचे समकालीन इब्न अता यांचा श्रीमंताकडे. लाहोरला स्थायिक झालेल्या हुजवीरींच्या अकराव्या शतकातल्या फारसी ग्रंथातही या वादाची चर्चा आहे. दमास्कसचे इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी तर सब्र आणि शुक्र याच जोडीवर एक ग्रंथ लिहिला आणि दोन्ही बाजूंचे पुरावे तपशीलवार मांडले. आपले गुरू इब्न तैमिया यांच्याप्रमाणे त्यांचा निष्कर्ष असा की दोघांत ज्याची ईश्वरनिष्ठा अधिक तो श्रेष्ठ. परिस्थिती स्वतः ना पुण्य असते ना पाप. या निष्कर्षामुळे गरिबीचे उदात्तीकरण टळते आणि श्रीमंताची सुटकाही होत नाही, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

गझालींचा घोडा

शुक्राची सर्वांत बारकाईची फोड केली ती इमाम गझाली यांनी. इराणमधल्या तूस इथे १०५८मध्ये जन्मलेले गझाली बगदादच्या निजामिया मदरशाचे नामवंत आचार्य होते. मान, पैसा, राजदरबारी वजन, सारे काही असताना १०९५मध्ये ते सोडून ते बाहेर पडले. ‘इह्या उलूम अद्-दीन’ हा त्यांचा ४० प्रकरणांचा ग्रंथ. त्याचे ३२वे प्रकरण सब्र आणि शुक्रावर आहे. सुखाच्या परीक्षेविषयी ते अनुभवाने लिहितात.

त्यांच्या मते शुक्राचे तीन भाग आहेत : ज्ञान, मनाची अवस्था आणि कृती. ज्ञान म्हणजे कृपा कोणाकडून आली ते ओळखणे. मनाची अवस्था म्हणजे त्यातून होणारा आनंद. इथे ते एक दृष्टान्त देतात. मोहिमेवर निघालेल्या राजाने तिघांना एकेक घोडा दिला. पहिल्याला आनंद झाला, कारण घोडा उमदा आहे. तो रानात मोकाट सापडला असता तरी त्याला तेवढाच आनंद झाला असता. दुसऱ्याला आनंद झाला, कारण राजाची मर्जी आपल्यावर आहे हे त्याला कळले. तिसऱ्याला आनंद झाला, कारण आता या घोड्यावर बसून राजाची चाकरी करता येईल, त्याच्याजवळ जाता येईल. पहिल्याच्या आनंदात शुक्राचा अंशही नाही. दुसऱ्याचा शुक्र आहे, पण त्यात स्वतःच्या पुढच्या लाभाचे गणित आहे. पुरा शुक्र तिसऱ्याचा.

तिसरा भाग कृती. ज्याने दिले त्याला रुचेल अशा कामी ती वस्तू लावणे म्हणजे शुक्र, अशी त्यांची व्याख्या आहे. जुनैद यांनी लहान वयात, अल्लाहची देणगी त्याचीच आज्ञा मोडण्यासाठी न वापरणे म्हणजे शुक्र, असे सांगितल्याची आठवण सूफी ग्रंथांत येते. गझाली तोच धागा पुढे नेतात. पैशाचे त्यांनी दिलेले उदाहरण आजही विचार करायला लावते. सोन्या-चांदीची नाणी स्वतःसाठी नाहीत. वस्तूंचे मोल ठरवणारा न्यायाधीश जसा, तशी ती आहेत. ती पुरून ठेवणे म्हणजे न्यायाधीशाला कैदेत टाकणे. त्याच सोन्या-चांदीची भांडी करणे त्याहून वाईट, कारण जे काम मातीचे भांडे करते त्याला न्यायाधीशाला जुंपले. पैसा फिरत ठेवणे हा पैशाचा शुक्र.

सुखात माणूस विसरतो का, याचेही कारण ते देतात. जे सगळ्यांकडे आणि सदासर्वदा असते, त्याला आपण देणगी समजतच नाही. हवेचे आभार कोणी मानत नाही. श्वास कोंडला की ती आठवते. म्हणून काही साधक मुद्दाम रुग्णालयात, कबरस्तानात आणि गुन्हेगारांना शिक्षा होते तिथे जाऊन येत, असे ते सांगतात. दृष्टीला वळण लावण्याचा तो व्यायाम होता.

रोजचा हिशोब

ही सारी चर्चा मनाच्या लहरीवर सोडलेली नाही, हे इस्लामी आचारधर्माचे वैशिष्ट्य. पाच वेळच्या अनिवार्य नमाजांचे मिळून दिवसाला १७ रकात होतात आणि प्रत्येक रकातीत ‘फातिहा’ म्हटली जाते. तिची सुरुवातच ईश्वराच्या स्तुतीने होते. मन भरून आले की आभार मानू, असे म्हणणाऱ्याला सुखात ती वेळ क्वचितच सापडते. म्हणून वेळच ठरवून दिली.

पैशाचाही हिशोब आहे. २० मिस्काल सोने, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ८५ ते ८७ ग्रॅम, किंवा त्या त्या निकषाइतकी चांदी वा रक्कम चांद्रवर्षभर शिल्लक राहिली, तर तिच्यावर अडीच टक्के जकात द्यायची. कुरआन याला गरजवंताचा ‘हक्क’ म्हणते. देणारा उपकार करत नाही, आपल्याकडे राहिलेली दुसऱ्याची वस्तू परत करतो. शेतीचा नियम तर फारच बोलका आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा. मोटेने किंवा श्रमाने पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. जिथे आपले कष्ट कमी आणि कृपा जास्त, तिथे देणे दुप्पट. हा नियम फक्त शेतापुरता न ठेवता आपापल्या आयुष्याला लावून पाहावा. घराणे, शिक्षण, निरोगी शरीर, योग्य वेळी झालेली ओळख. आपल्या यशातला पावसाचा भाग किती आणि मोटेचा किती?

शरीराचाही शुक्र आहे. माणसाच्या शरीरात ३६० सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यापोटी रोज एक सत्कृत्य देणे लागते, अशी हदीस आहे. वाटेतला काटा दूर करणे, कोणाला ओझे उचलू लागणे हेही त्यात जमा होते. आणि माणसांचे आभार न मानणारा ईश्वराचे आभार मानत नाही, असेही पैगंबर सांगतात. त्यामुळे आकाशाकडे पाहून कृतज्ञ आणि मोलकरणीशी तुसडे, अशी सोय राहत नाही.

वाचलेले दुकान

९३व्या सूरेत पैगंबरांना त्यांच्या पूर्वायुष्याची आठवण दिली आहे. तू अनाथ होतास, आसरा मिळाला. गरजू होतास, संपन्न झालास. लगेच पुढे काय करायचे ते येते : अनाथावर जबरदस्ती करू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस. आपल्याला जे मिळाले त्याचे आभार, जे मिळण्यापूर्वी आपण जिथे होतो तिथे आज असलेल्या माणसाकडे वळतात. शुक्राची दिशा इथे स्पष्ट होते.

ती चुकली तर काय होते, हे नवव्या शतकातल्या बगदादच्या एका दुकानदाराने सांगून ठेवले आहे. सरी सकती हे जुनैद यांचे मामा आणि गुरू. बाजारात त्यांचे किरकोळ मालाचे दुकान होते. एकदा बाजाराला आग लागली. वाटेत कोणीतरी भेटून सांगितले, तुमचे दुकान वाचले. त्यांच्या तोंडून निघाले, ‘अल्हम्दुलिल्लाह’. पुढे सरी म्हणत की त्या एका उद्गारासाठी मी ३० वर्षे क्षमा मागतो आहे. इतरांची दुकाने जळत होती आणि माझ्या मनात आले ते माझेच दुकान.

शब्द बरोबर होता, श्रद्धाही खरी होती. तरी सरींना तो शुक्र वाटला नाही, कारण त्या आनंदाने त्यांना शेजाऱ्यांपासून वेगळे केले. आपण वाचलो, आपल्याला मिळाले, आपले बरे चालले आहे, हे म्हणताना भोवतालची राख दिसत नसेल, तर ते देवाचे नाव घेऊन केलेले स्वतःचे अभिनंदनच. सुखकाळातली भक्ती अवघड आहे ती या ठिकाणी. प्रार्थना चुकत नाही, दानही होते, पण हळूहळू कृपा ही आपल्या पात्रतेची पावती वाटू लागते. मग सुलैमानांच्या जिभेवरचे शब्दही कारूनच्या अर्थाने उच्चारता येतात.

दिवाळीत आपणही लक्ष्मीपूजन करतो, व्यापारी चोपड्यांची पूजा करतात. धनाला देवतेचे रूप देणारी आपली परंपरा आणि धनाकडे प्रश्नपत्रिका म्हणून पाहणारी ही परंपरा यांच्या वाटा वेगळ्या आहेत. त्या ओढूनताणून एक करण्याची गरज नाही. पण नव्या चोपडीत पहिला आकडा मांडण्यापूर्वी, यातला पाऊस किती आणि मोट किती, आणि माझे दुकान वाचले तेव्हा कोणाचे जळत होते, हे दोन प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला विचारता येतात. त्यांची उत्तरे मनाशी देऊन भागत नाही. ती वर्षभराच्या जमाखर्चात दिसावी लागतात.